दोन सूत खाली : नाशिकच्या एका लॉन्समधलं गवत कापायच्या मशीनचं प्रकरण

"भाऊ, ते मशीन परत घ्यायला लावा त्यांना." अण्णांनी फोनवर नमस्कारही केला नाही. वैशाखातली दाट तिथी होती, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या लॉन्सवर लग्न होतं आणि नुकतंच कापलेलं गवत एका बाजूला टक्कल पडल्यासारखं, तर दुसऱ्या बाजूला बोटभर उंच दिसत होतं. मशीन घेऊन जेमतेम चार महिने झाले होते. ते निवडायला मीच सोबत गेलो होतो, त्यामुळे या फोनची जबाबदारी माझ्यावर होतीच.

माझं अंबडला छोट्या इंजिनांच्या दुरुस्तीचं काम आहे. द्राक्षबागांचे फवारणी पंप, ब्रश कटर, पॉवर टिलर, हे रोजचं. बसून चालवायचं गवत कापायचं मशीन, म्हणजे रायडिंग मूवर, नाशिकमध्ये अजून फार दिसत नाही. पण गंगापूर रोडपासून छत्रपती संभाजीनगर रोडपर्यंत लग्नाची लॉन्स वाढत चालली आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आज ना उद्या हा प्रश्न पडणार आहे. म्हणून हे प्रकरण पहिल्या दिवसापासून, मापांसकट लिहून ठेवतो. जागेचं आणि माणसांचं नाव देत नाही.

आधी जागा समजून घ्यावी लागली

प्लॉट तीन एकरांचा. त्यातून हॉल, स्वयंपाकघर, पार्किंग आणि स्टेज वजा केलं तर गवत उरतं सुमारे ७० गुंठे. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, तेव्हा साधारण ७,०८० चौरस मीटर. जमीन काळी. वरून मुरूम आणि लाल माती टाकून लॉन लावलेलं, पण खाली काळीच. मधे-मधे ३५ झाडं : पाम, कडुनिंब, दोन जुने आंबे. स्टेजच्या मागे मातीचा एक उंचवटा, त्यावरही गवत.

आधी तिथे हाताने ढकलायची २१ इंची दोन पेट्रोल मशीनं होती. कागदावर हिशोब केला तर २१ इंची मशीन, थोडी पट्टीवर पट्टी धरून, ताशी ३ किलोमीटरच्या चालीने, वळणं आणि थांबे जमेस धरून तासाला हजार-अकराशे चौरस मीटर कापतं. दोन माणसांनी साडेतीन तासांत काम उरकायला हवं. प्रत्यक्षात सकाळी सुरू केलेलं काम दिवस मावळताना संपायचं. दर काही मिनिटांनी गवताची पिशवी रिकामी करायची, वैशाखाच्या उन्हात सावलीत बसायचं, आणि दोन मशीनांतलं एक बहुतेक वेळा माझ्याच दुकानात पडलेलं असायचं.

खरी अडचण क्षेत्रफळाची नव्हती, वेळेच्या फटीची होती. लागोपाठच्या दोन तिथी असल्या की मंडपवाले दुपारी बारापर्यंत सामान उचलतात आणि चार वाजता पुढच्या लग्नाचे डेकोरेशनवाले येतात. मधल्या चार तासांत साफसफाई, कापणी आणि पाणी, सगळं बसवायचं. पाणी शेवटीच मारावं लागतं, कारण ओल्या गवतावर कापणी नीट होत नाही.

अण्णांना मी पहिल्यांदा एवढंच विचारलं, "तुमच्याकडे कापायला सलग किती तास असतात?" ते म्हणाले, "दोन. फार तर अडीच." मशीनची निवड इथेच निम्मी झाली होती.

काय घ्यायचं, काय नाही

अण्णांची स्वतःची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. बागेत चालणारा छोटा ट्रॅक्टर घरचाच. त्यामुळे त्यांचा पहिला विचार, "ट्रॅक्टरला मागे रोटरी स्लॅशर लावू. नवीन मशीन कशाला?" विचार चुकीचा नव्हता, पडीक रानासाठी तेच बरोबर आहे. पण तो ट्रॅक्टर पाऊण टनाच्या आसपास जातो आणि त्याच्या टायरच्या नक्षीने पाणी दिलेलं लॉन फाटतं. बसून चालवायचं मशीन दोनशे किलोच्या आसपास असतं आणि त्याचे टायर रुंद, मऊ, उथळ नक्षीचे असतात. शिवाय स्लॅशर गवत झोडपतो. दोन दिवसांनी गवताच्या पात्यांची फाटलेली टोकं पांढरी पडतात आणि लांबून सगळं लॉन वाळल्यासारखं दिसतं. लग्नाच्या फोटोत ते चालणार नव्हतं.

झिरो टर्न मशीनही पाहिलं, दोन दांड्यांनी जागच्या जागी फिरणारं. वेगवान आहे, पण महाग. नवख्या हाताने वळवलं की आतलं चाक गवत खरवडतं, आणि उतारावर त्याची भीती वाटते. तेही सोडलं.

उरले दोन. एक ३० इंची, इंजिन मागे असलेलं लहान मशीन. दुसरं ४२ इंची, पुढे इंजिन असलेलं, ज्याला लॉन ट्रॅक्टर म्हणतात. दोन्ही प्राथमिक श्रेणीची. ही मशीनं मुळात अमेरिकेतल्या घराभोवतीच्या अर्ध्या-एक एकराच्या अंगणांसाठी बेतलेली आहेत, म्हणून सगळी मापं इंचांत असतात आणि वापरही आठवड्याला एकदा असा धरलेला असतो. आपल्याकडे सीझनमध्ये ते आठवड्यात तीनदा चालणार होतं, हे विक्रेत्याला मी मुद्दाम सांगितलं.

हिशोब असा केला. ३० इंची मशीन ताशी साडेचार किलोमीटरने, वळणं धरून, ७० गुंठ्यांना सव्वातीन तासांच्या वर घेईल. ४२ इंची ताशी पाच किलोमीटरने दोन तास आणि थोडी मिनिटं. अण्णांची फट दोन-अडीच तासांची. मग ४२ इंचीच.

विक्रेता हॉर्सपॉवरवर बोलत राहिला. १७ पेक्षा १९ चांगलं, १९ पेक्षा २१. पण ४२ इंची डेकला, म्हणजे पाती ज्याच्या खाली फिरतात त्या पत्र्याच्या कवचाला, सपाट जमिनीवर १७-१८ हॉर्सपॉवरचं एक सिलिंडरचं इंजिन पुरेसं असतं. त्या जादाच्या पैशांत दोन गोष्टी घ्या असं मी अण्णांना सांगितलं. पहिली, हायड्रोस्टॅटिक गिअर, म्हणजे पायाच्या पेडलवर वेग कमी-जास्त होणारा. साध्या गिअरच्या मशीनला वेग बदलायला थांबावं लागतं. ३५ झाडांभोवती फिरताना माणूस कंटाळतो आणि मग घाईत झाडाला घासतो. दुसरी, पहिल्याच दिवशी दोन जादा पट्टे आणि पात्यांचा एक संच. पट्टा तुटल्यावर तो मागवायला लागणारे आठ दिवस लग्नाच्या तारखा थांबवत नाहीत.

हायड्रोस्टॅटिकबद्दल एक सांगायला हवं. प्राथमिक श्रेणीच्या मशीनला जो हायड्रोस्टॅटिक गिअर येतो तो हलक्या कामाचा असतो. त्याला मागे मातीची ट्रॉली लावून ओढायला लावलं, किंवा सतत चढावर चालवलं, की तो तापतो आणि दमतो. अण्णांच्या पुतण्याच्या मनात खुर्च्यांची ट्रॉली ओढायची होती. मी नाही म्हटलं आणि ते त्यांनी ऐकलं, याचं मला आजही समाधान आहे.

घोळ झाला तो फाटकात. मागचं फाटक चार फुटी, म्हणजे ४८ इंच. डेक ४२ इंचाचा, म्हणून सगळे निश्चिंत. पण ४२ हे कापणीचं माप आहे. बाजूला गवत फेकणारा पन्हाळा धरला की मशीनची रुंदी ५० इंचांच्या पुढे जाते. पन्हाळा वर दुमडता येतो, पण गवत गोळा करायची नळी बसवली की तोही मार्ग बंद. लहान मशीन घ्यावं असं कुणीतरी सुचवलं. त्याऐवजी फाटकाचा एक खांब दीड फूट सरकवला. वेल्डर आणि गवंड्याचं एका दिवसाचं काम.

गवत गोळा करायच्या पिशव्यांवर मी अडून बसलो. बाहेरच्या पुस्तिकांत कापलेलं गवत तिथेच बारीक करून सोडावं असं सांगतात, आणि जमिनीसाठी ते खरंच चांगलं. पण लग्नाच्या लॉनवर ते बायकांच्या साड्यांच्या काठांना, मुलांच्या पायांना आणि गालिच्यांना चिकटतं. म्हणून सीझनमध्ये पिशव्या आणि वारा जास्त ओढणारी उंच पंखाची पाती, तर चातुर्मासात, जेव्हा लग्नं नसतात, तेव्हा बारीक करणारी पाती. पौषात तिथी नसतात, म्हणून खरेदी पौषात केली आणि माळीमामांना शिकायला महिनाभर मिळाला.

वैशाखातली तक्रार

फोन आला त्या दुपारी मी पोचलो तेव्हा विक्रेत्याकडचा मेकॅनिक येऊन गेला होता. त्याचं निदान : उजवीकडचा स्पिंडल, म्हणजे पातं ज्यावर फिरतं तो दांडा, गेला, नवीन डेक असेंब्ली मागवावी लागेल. हातात अंदाजपत्रकही दिलं होतं. अण्णांचा राग त्या आकड्यावर होता.

माळीमामांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दादा, डावीकडं मशीन गवत खातंय आणि उजवीकडं सोडतंय. आणि मधे एक शेंडी राहते." मला सुरुवातीला एवढं पुरलं, कारण यात दोन वेगळ्या तक्रारी होत्या. एका बाजूला जास्त कापणं हा डेकच्या तिरकेपणाचा दोष. मधे शेंडी राहणं हा पात्यांचा किंवा पात्यांच्या वेगाचा.

स्पिंडलला हात लावण्याआधी मशीन स्वयंपाकघराच्या कोब्यावर घेतलं. लॉनवर माप घेण्यात अर्थ नाही, तिथे जमीनच वर-खाली असते. गवंड्याची लेव्हल लावून कोबा तपासला. इंजिन बंद केलं, किल्ली काढली, स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला बांधली. पात्याला हात लावण्याआधी हे केलंच पाहिजे, कारण पातं फिरवताना इंजिनही फिरू शकतं.

मग टायर. इथे बहुतेक जण घाई करतात आणि थेट डेकचे नट फिरवायला लागतात. त्या मशीनच्या पुस्तिकेत पुढच्या टायरना १४ पीएसआय आणि मागच्यांना १० पीएसआय हवा सांगितली होती. ट्रकच्या ८०-१०० च्या सवयीच्या माणसाला हे आकडे खोटे वाटतात. पंक्चरवाल्याच्या मोठ्या गेजवर १० आणि १४ यांत काटा जेमतेम हलतो. मी ० ते ३० चा लहान गेज नेला होता. मागचं डावं चाक ६. मागचं उजवं २२. पुढची दोन्ही २८ च्या आसपास.

झालं असं होतं की चैत्रात मागच्या डाव्या टायरमध्ये बाभळीचा काटा गेला होता. पंक्चर काढताना पंक्चरवाल्या पोराने बाकी तीन टायरही "बसलेले दिसतात" म्हणून फुगवून दिले. काट्याचं टोक आत राहिलं, त्यामुळे डावं चाक हळूहळू उतरत राहिलं. त्या पोराला दोष नाही, हे टायर बसलेलेच दिसायला हवेत हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता यातली खरी गोम. या मशीनचा पुढचा अ‍ॅक्सल मध्यभागी एका पिनवर डोलतो, खड्ड्यात दोन्ही चाकं जमिनीला टेकलेली राहावीत म्हणून. त्यामुळे चासी डावी-उजवीकडे किती कलेल हे पुढची चाकं ठरवत नाहीत, ते ठरवतात मागची दोन. डेक त्याच चासीला टांगलेला. मागच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण ७५ सेंटीमीटर आणि पात्यांच्या बाहेरच्या टोकांमधलं साधारण १०५. म्हणजे एक चाक १ सेंटीमीटर बसलं की कापणीत १.४ सेंटीमीटरचा फरक पडतो. मागच्या टायरमधली हवा हीच या मशीनची पहिली लेव्हल. पुढच्या टायरमधली हवा मात्र डेकचं नाक वर-खाली करते.

हवा न बदलता पहिलं माप घेतलं. डेक मधल्या उंचीच्या खाचेत, दोन्ही पाती आडवी, बाहेरच्या टोकापासून कोब्यापर्यंत. डावीकडे ४१ मिलिमीटर, उजवीकडे ५४. तेरा मिलिमीटरचा फरक. सुताराच्या भाषेत चार सूत.

काटा चिमट्याने काढला, पंक्चर नीट बंद केलं, हवा १४ आणि १० केली. पुन्हा माप : डावीकडे ४६, उजवीकडे ४९. एकाही नटाला हात न लावता तेरातले दहा मिलिमीटर गेले. अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी स्वतः वाकून पट्टी धरली आणि दुसऱ्यांदा मोजून पाहिलं.

उरलेले तीन मिलिमीटर डेक उचलणाऱ्या दांडीच्या नटाने काढले. हा नट एकाच बाजूला असतो, अर्धा-अर्धा फेरा देत जायचं. दोन्हीकडे ४७ झालं.

मग पुढे-मागे. पाती चाकांच्या दिशेत फिरवून पुढचं टोक आणि मागचं टोक मोजायचं. पुढचं टोक मागच्यापेक्षा एक ते तीन सूत खाली असावं, म्हणजे ३ ते १० मिलिमीटर. कारण साधं आहे. पातं आपल्या पुढच्या अर्ध्या फेऱ्यातच कापतं. मागचं टोक खाली असेल तर कापलेल्या गवतावर ते पुन्हा घासत जातं, इंजिनची ताकद त्यात जाते आणि टोकं फाटतात. इथे उलटंच होतं. हवा बरोबर केल्यावरही पुढचं टोक ३ मिलिमीटर वर होतं, आणि २८ पीएसआयवर ते किती वर असेल याची कल्पना करा. डेकच्या पुढच्या दांडीचे नट फिरवून दोन सूत खाली आणलं, म्हणजे ६ मिलिमीटर. माळीमामांनी हे "दोन सूत खाली" तिथेच खडूने भिंतीवर लिहून ठेवलं.

मधली शेंडी

उजवं पातं मोजताना एक गोष्ट खटकली होती. तेच पातं अर्धा फेरा फिरवून त्याच जागी दुसरं टोक आणलं, तर माप ६ मिलिमीटरने वेगळं. डाव्या पात्याला असा फरक नव्हता. म्हणजे पातं वाकलेलं. मेकॅनिकला जो कंप स्पिंडलचा वाटला तो या पात्याचा होता. पातं काढल्यावर स्पिंडल हाताने फिरवून पाहिला. खरखर नाही, वर-खाली हालचाल नाही. स्पिंडल निर्दोष होता. पहिल्या दिवशी घेतलेल्या संचातली नवी पाती लावली, पंख वर डेककडे करून आणि बोल्ट पुस्तिकेतल्या मापाला टॉर्क पान्याने आवळून.

पातं वाकलं कशाने, हे मामांनी लगेच सांगितलं. मंडपाची लोखंडी खुंटी. लॉन्सच्या धंद्यात हे सगळ्यात मोठं संकट आहे आणि मशीनच्या कुठल्याही पुस्तिकेत ते सापडत नाही. मंडपवाले खुंट्या, बांधायची तार, गालिच्याच्या पिना आणि चुका, म्हणजे बारीक खिळे, गवतात सोडून जातात. अमेरिकेतल्या एएनएसआय मानकात अशा मशीनच्या पात्याच्या टोकाच्या वेगाला मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा आहे, म्हणजे ताशी सुमारे ३४५ किलोमीटर. मशीनं त्या मर्यादेच्या जवळपासच चालतात. त्या वेगाच्या पात्याला पिन लागली तर ती कुणाच्या डोळ्याकडे जाईल हे सांगता येत नाही.

म्हणून अंबडमधल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून चार फुटी चौकोनी नळीत चुंबकं बसवून, दोन चाकांवर ओढायचा एक दांडा करून घेतला. मंडप उठला की आधी तो दांडा, मग मशीन. पहिल्याच फेरीत मूठभर चुका आणि तारेचे तुकडे निघाले. मंडपवाल्यांबरोबरच्या बोलणीत आता खुंट्या मोजून द्यायच्या आणि मोजून घ्यायच्या असं ठरलंय.

गवत गोठ्यासाठी न्यायला शेजारचा एक दूधवाला यायचा. अण्णांना चांगलं वाटायचं, गवत वाया जात नाही म्हणून. मी त्यांना हात जोडून सांगितलं की हे गवत जनावराला घालू नका. तारेचा एक तुकडा गाईच्या पोटात गेला तर तो जाळीच्या पोटात अडकतो आणि तिथून हृदयाच्या दिशेने टोचत जातो. आता ते गवत कंपोस्टच्या खड्ड्यात जातं.

शेंडीचं दुसरं कारण पेट्रोल वाचवण्याच्या चांगल्या हेतूत होतं. मामा रेस अर्ध्यावर ठेवून कापायचे. इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्या मोजणारा टॅकोमीटर लावला तर इंजिन २,१०० फेऱ्यांवर. पूर्ण रेसला ३,२०० च्या आसपास. अर्ध्या रेसला पाती हळू फिरतात, गवत उभं करणारा वाऱ्याचा झोत कमी होतो, आडवं झालेलं गवत तसंच राहतं आणि पिशवीची नळी तुंबते. शिवाय हे इंजिन हवेने थंड होतं, त्याचा पंखा इंजिनच्याच दांड्यावर असतो. चाळीस अंशांच्या उन्हात कमी फेऱ्यांवर दाट गवत कापणं म्हणजे इंजिनला तापात राबवणं. कापताना रेस पूर्ण, आणि हळू जायचं असेल तर पेडल कमी दाबायचं, हे मामांना दोन पट्ट्या कापून दाखवलं. फरक त्यांना डोळ्यांनी दिसला, मग वेगळं पटवायची गरज राहिली नाही.

डेकच्या खाली दीड इंच जाडीचा सुकलेल्या गवताचा थर होता. तो लाकडी पट्टीने खरवडला. प्रत्येक कापणीनंतर हे करायचं, नाहीतर नाशिकच्या पावसाळ्यात पत्रा खालून खाल्ला जातो.

सीटखालचा स्विच

ही गोष्ट कोणी मला सांगितली नव्हती. मी सीटवरून उठलो तरी पाती फिरत राहिली. उठताच इंजिन बंद पडायला हवं. सीटखाली पाहिलं तर स्विचच्या दोन वायरी एकमेकींना पिळून टेप लावलेली. मामा अंगाने हलके आहेत, पन्नास किलोचेही नसतील. खड्ड्यात सीट उडाली की स्विच सुटायचा आणि इंजिन थांबायचं, म्हणून कुणीतरी हा "इलाज" केला होता. पाती चालू ठेवून मागे घेतलं की मशीन बंद पडतं, हाही मामांना दोष वाटत होता. तो दोष नाही, मागे उभ्या असलेल्या मुलासाठी केलेली सोय आहे.

मला त्या दिवशी सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा आला. लॉन्समध्ये कामगारांची लहान मुलं सतत फिरत असतात. वायरी सोडवल्या, स्विच जागेवर लावला, सीट मामांच्या वजनाला आणि पायांच्या लांबीला जमेल अशी पुढच्या खाचेत सरकवली, आणि खड्डे भरायला सांगितले. मंडपाच्या खांबांचे खड्डे माती-वाळूने भरल्यावर सीट उडायचीच थांबली. अण्णांनी त्याच संध्याकाळी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "मशीन चालू असताना लॉनवर पोर दिसलं तर मशीन बंद. लग्न राहिलं तरी चालेल."

स्टेजमागचा उंचवटा मी फोनवर कोन मोजून पाहिला, वीस अंशांच्या वर. या मशीनांना १५ अंशांपर्यंतच परवानगी असते, तीही उतारावर वर-खाली, आडवं नाही. तो भाग ब्रश कटरनेच कापायचा.

उंची आणि पावसाळा

डेकची उंची मामांनी सगळ्यात खालच्या खाचेत ठेवली होती, गालिच्यासारखं दिसावं म्हणून. लॉन हरळीच्या जातीचं, ते खाली कापलेलं सहन करतं. पण जमीन गोल्फच्या मैदानासारखी सपाट हवी. इथे मंडपाची जमीन. दीड इंच ठरवलं आणि डेकची छोटी चाकं जमिनीपासून दोन-तीन सूत वर राहतील अशी लावली. ती चाकं जमिनीवर घासत चालायला नसतात, उंचवट्यावर डेक टेकू नये म्हणून असतात. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. दीड इंच ठेवायचं तर सव्वादोन इंचांवर कापायला घ्यायचं.

आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात आणि नेमकं तेव्हाच गवत सुटतं. काळी जमीन ओली असताना मशीन घातलं तर चाकोऱ्या पडतात आणि त्या हिवाळ्यापर्यंत राहतात. म्हणून दोन-तीन दिवस उघडीप मिळेल तेव्हाच कापायचं. गवत चार-पाच इंच झालं असेल तर पहिल्यांदा वरच्या खाचेत, मग चार-पाच दिवसांनी खाली. पाऊस लागून राहिला आणि मशीन दोन-तीन आठवडे उभं राहणार असं दिसलं की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवायचं. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. या इंजिनांच्या पुस्तिका बहुतेक १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल म्हणतात. इथेनॉल पावसाळी हवेतलं पाणी ओढतं आणि कार्ब्युरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल चिकट होतं. पेट्रोल थोडं-थोडंच आणायचं, महिन्याच्या वर साठवायचं नाही. ऑइल पहिल्यांदा पाच तासांनी आणि पुढे दर ५० तासांनी बदलायचं, सीटशेजारच्या तासांच्या मीटरवर बघून.

डेक असेंब्ली मागवावी लागली नाही. त्या दुपारचा खर्च पंक्चर, गेज आणि माझे तीन तास, कारण पाती आधीच घेतलेली होती. दुसऱ्या दिवशीचं लग्न पार पडलं. दुपारी मामांनी दोन तास दहा मिनिटांत सगळं लॉन कापलं.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी पुन्हा गेलो. मामांनी मशीन कोब्यावर आणून ठेवलं होतं, स्पार्क प्लगची टोपी काढलेली, गेज सीटवर. हवा त्यांनीच भरली होती, मागे १०, पुढे १४. माप घेतलं : डावीकडे ४७, उजवीकडे ४८. पुढचं टोक दोन सूत खाली. मी पाना काढला, तेव्हा मामा म्हणाले, "दादा, एका मिलिमीटरसाठी नट कशाला छेडता?" पाना परत पेटीत ठेवला.